जम्बो जेट बनवायचं, पण प्लॅस्टिकचं की कागदाचं?

भुसावळचा मित्र परवा विचारत होता, "भो, लहानपणी फोटोत बघायचो ते एअर इंडियाचं ७४७, खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेलं, ते आता स्वतः बनवायचंय, प्लॅस्टिकचं मॉडेल किट घेऊ का कागदाचं करू?" मी दोन्ही केलेत म्हणून सांगतो.

पैसे बघशील तर कागदच. कार्ड पेपरवर कलर प्रिंट, फेविकॉल, कटर, झालं. किट हजारांत जातं, वर रंग-ब्रश वेगळे, आणि डब्यात झरोक्यांचे स्टिकर असतीलच असं नाही, आधी बघून घे.

मेहनतीत मात्र उलटं. प्लॅस्टिकचं सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा गोंद, दोन्ही भाग जरा विरघळवून एकजीव करतं, सांधा चुकला तर पुट्टी भर, पॉलिशपेपर मार. कागदाला माफी नाही. खरं विमान ७० मीटरचं, १४४ पट लहान (१/१४४) केलं तर साधारण ४९ सेंमी, म्हणजे ए-फोरवर बॉडी तुकड्यातच येते आणि नाकाच्या गोलाईसाठी कापलेल्या पाकळ्या जुळवताना जीव जातो, माझं नाक तर थेट भरताचं वांगं झालं होतं!

टिकायचं म्हणशील तर, मे महिन्यात मी किटचा पंख गाडीत काचेजवळ विसरलो, संध्याकाळी केळीच्या पानासारखा वाकलेला. कागद तेवढी गरमी सोसतो पण पावसाळ्यात सादळतो, कसर लागते ते वेगळं.

कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर किट घे, घाई करू नको. पोरांसोबत सुट्टीत बसायचं असेल, हात बसवायचा असेल, तर कागद, बिघडलं तर परत प्रिंट मार.