कोचला नारळ द्यायचा की थांबायचं?

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेतले दोन संघ घ्या. एकाचे 12 सामन्यांत 11 गुण, दुसऱ्याचे 12 सामन्यांत 10. पहिला डिसेंबर 2024 मधला केरळा ब्लास्टर्स, दुसरा डिसेंबर 2022 अखेरचा बेंगळुरू एफसी. ब्लास्टर्सनी मिकाएल स्टाहरे यांना घरी पाठवलं आणि टी. जी. पुरुषोत्तमन यांच्याकडे अंतरिम सूत्रं दिली. बेंगळुरूनं सायमन ग्रेसन यांना ठेवलं.

पुढे काय झालं? ब्लास्टर्सनी उरलेल्या 12 सामन्यांत 18 गुण मिळवले, म्हणजे सामन्यामागे सुमारे 0.92 गुणांवरून थेट दीड. सुधारणा झाली, पण एकूण 29 गुणांवर संघ आठवा राहिला. सहाव्या, म्हणजे बाद फेरीच्या शेवटच्या जागेवर मुंबई सिटी 36 गुणांसह होती. बेंगळुरूनं त्याच जुन्या कोचबरोबर उरलेले आठच्या आठ सामने जिंकले, 34 गुणांसह चौथा क्रमांक पटकावला आणि गोव्यात फातोर्ड्याला झालेल्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानविरुद्ध पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला.

यावरून ‘कोच ठेवलेला बरा’ असा निष्कर्ष काढायची घाई नको, कारण उलट उदाहरणही आयएसएलमध्येच आहे. जानेवारी 2024 मध्ये मोहन बागाननं सलग तीन पराभवांनंतर हुआन फेरांडो यांना काढलं. तेव्हा 10 सामन्यांत 19 गुण होते. अंतोनियो हबास आले, पुढच्या 12 सामन्यांत 29 गुण मिळाले आणि शेवटच्या दिवशी मुंबई सिटीला 2-1 हरवून बागाननं 48 गुणांवर लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचा मान, जिंकली.

फरक कुठे पडला हे पाहायला हवं. हबास क्लबला नवखे नव्हते, खेळाडूंना ओळखत होते. बदल झाला तो सुपर कप आणि आशियाई चषकामुळे लीग थांबली होती त्या काळात, त्यामुळे सरावाला आठवडे मिळाले. जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे नवे खेळाडू नोंदवायची मुदत, उघडी होती आणि मधल्या फळीत जोनी काउकोला पुन्हा नोंदवता आलं. आणि मुख्य म्हणजे संघ मुळात दमदार होता. ब्लास्टर्सकडे डिसेंबरच्या मध्यावर यातलं फारसं काही नव्हतं. विंडो दोन आठवड्यांवर होती, पण कायमचा कोचच ठरला नव्हता, मग खेळाडू कोणाच्या पसंतीचे घ्यायचे?

आधी दुखणं कुठलं ते बघा

गुणतक्ता बघून निर्णय घेऊ नका. मागच्या आठ-दहा सामन्यांचा एक्सजी काढा, म्हणजे संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते याचा अंदाज. आपला आणि प्रतिस्पर्ध्याचा, दोन्ही. संधी बरोबरीच्या किंवा जास्त आणि तरी हार होत असेल, तर नेम चुकतोय किंवा गोलकीपरचा फॉर्म गेलाय. हे बहुतेकदा आपोआप सावरतं. बेंगळुरूचे त्या हंगामातले बहुतेक पराभव एका गोलाच्या फरकाचे होते. याउलट संधीच तयार होत नसतील आणि समोरचा दर सामन्यात गोलसमोर मोकळा होत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

नेदरलँड्समधल्या लीगवर अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. कोच बदललेले संघ आणि तितकेच वाईट खेळत असूनही कोच न बदललेले संघ यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही गट साधारण सारखेच सावरले. नव्या कोचच्या पहिल्या दोन विजयांवर फटाके फोडणाऱ्या मालकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

गोल कसे बसतात तेही मोजा. निम्मे कॉर्नर आणि फ्री किकवर बसत असतील तर तो मार्किंगचा प्रश्न आहे, आठवडाभराच्या सरावात सुटतो. सगळे 75 व्या मिनिटानंतर बसत असतील तर हंगामपूर्व तयारीत फिटनेस कच्चा राहिला आहे, आणि तो नवा कोचही चालू हंगामात भरून काढू शकत नाही. दर पाच-सात दिवसांनी सामना असताना एक दिवस विश्रांती, एक प्रवास, एक हलका सराव धरला की डावपेचांसाठी दोनच सत्रं उरतात. एवढ्यात बचावफळी किती वर ठेवायची, कोणाला खेळवायचं, प्रेसिंग (चेंडू हिसकावायला समोरच्यावर धावून जाणं) कधी सुरू करायचं एवढं बदलतं. मागून पासिंग करत खेळ उभारणं शिकवायला महिने लागतात. परदेशी खेळाडू जुन्या कोचच्या पद्धतीला बघून घेतलेले असतात, हे तर आहेच.

ग्रेसन यांनी 2022-23 मध्ये नेमकं संघनिवडीला हात घातला. तरुण शिवशक्तीला आघाडीवर खेळवलं आणि सुनील छेत्रीला बाकावरून उतरवायला सुरुवात केली. सद्य कोचकडे असा एखादा अवघड निर्णय घ्यायची तयारी आहे का, हे त्याला समोर बसवून विचारा. ‘आमचं नशीब खराब’ एवढंच उत्तर आलं तर ती वाईट खूण.

गंमत म्हणजे नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबई सिटीनं बेंगळुरूला 4-0 धुतलं तेव्हा ग्रेसन टिकले. डिसेंबर 2023 मध्ये बेंगळुरूच्या घरच्या कांतीरवा मैदानावर मुंबईकडूनच पुन्हा 0-4 झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तोवर त्या हंगामात नऊ सामन्यांत एकच विजय होता. जेरार्द सारागोसा आले, तरी संघ दहावा आला. क्लबनं त्यांना काढलं नाही. पुढच्या हंगामाची तयारी त्यांच्या हातात पूर्ण मिळाली आणि 2024-25 मध्ये बेंगळुरू अंतिम फेरीत पोचला.

अंतरिम की कायमचा?

अंतरिम स्वस्त पडतो, ड्रेसिंग रूम ओळखतो, उद्याच्या सरावाला हजर असतो. सहा-सात सामने उरले असतील आणि बाद फेरी दूर असेल तर तोच घ्या, आणि कायमच्या कोचचा शोध शांतपणे करा. बारा-तेरा सामने उरले असतील तर मात्र तयार पर्याय हातात असल्याशिवाय जुन्याला काढू नका. काढून मग शोधायला निघालं की परदेशी कोचचा करार, व्हिसा, त्याच्या सहाय्यकांची जुळवाजुळव यात तीन-चार सामने निघून जातात.

जिथे रेलिगेशन, म्हणजे तळाच्या संघांची खालच्या लीगमध्ये घसरण, आहे तिथे गणित वेगळं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एव्हर्टननं जानेवारी 2023 मध्ये शॉन डाइश यांना आणलं तेव्हा 20 सामन्यांत 15 गुण होते आणि 18 सामने बाकी. 21 गुण मिळाले, शेवटच्या दिवशी संघ वाचला. त्याच हंगामात लीड्सनं सॅम अलरडाइस यांना चार सामने उरले असताना बोलावलं; एक गुण मिळाला, संघ खाली गेला. चार सामन्यांसाठी कोच बदलणं हा निव्वळ जुगार. आयएसएलच्या वर सांगितलेल्या हंगामांत खाली जायची भीतीच नव्हती, म्हणून तिथे ‘काहीतरी करायलाच हवं’ ही घाई महागात पडते.

पैसे

परदेशी कोचच्या बाबतीत फिफाच्या नियमांनुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, उरलेल्या मुदतीचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. त्यानं मधल्या काळात दुसरी नोकरी धरली तर तिथला पगार त्यातून वजा होतो. फिफाच्या निवाड्यानंतरही पैसे थकवले तर नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येते, तीही सलग तीन विंडोंपर्यंत. शिवाय सहाय्यक, गोलकीपर कोच, फिटनेस कोच, विश्लेषक हेही बहुधा त्याच्याबरोबर आलेले असतात. त्यांचे करार वेगळे तपासा. एका हकालपट्टीत चार-पाच पगार दुप्पट होतात.

ठेवायचंच ठरलं तर पुढच्या पाच सामन्यांचं वेळापत्रक समोर घेऊन बोला. त्यात वरच्या चार संघांशी तीन सामने असतील तर गुणांची अट घालू नका. समोरच्याला किती संधी दिल्या, सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक) किती गोल खाल्ले, शेवटच्या 15 मिनिटांत काय झालं, या तीन गोष्टींची अट घाला. दरम्यान पर्यायी दोन नावांशी गुपचूप बोलणं सुरू ठेवा, आणि ते एजंटांच्या व्हॉट्सॲपवरून बाहेर फुटणार नाही एवढं पाहा. फुटलं, की अकरापैकी चार खेळाडू त्याच दिवसापासून पुढच्या कोचसाठी खेळायला लागतात.