दोन लाईनींचा राउटर, अकरा महिन्यांनंतर

आमचं सेवा केंद्र अंबाजोगाईत. पाच कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, वर पत्रा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, जे येईल ते. जून-जुलैत सकाळी आठलाच रांग लागते आणि त्यात पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेली माणसं असतात. त्यांना "नेट गेलंय, उद्या या" म्हणलं की त्यांची एक रोजी बुडते. हे वाक्य मी चार वर्षं म्हणत आले. मागच्या सप्टेंबरात कंटाळून ६,२०० रुपयांना दोन लाईनींचा राउटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली मी त्याला बरंच बोलणार आहे. शिवाय केजच्या मैत्रिणीकडे दुसऱ्या कंपनीचा आहे आणि सेटिंगची पानं सोडली तर दोघींच्या तक्रारी सारख्याच आहेत.

डबा करतो काय? मागं दोन वॅन पोर्ट (बाहेरची लाईन घेणारी भोकं) आहेत, त्यात दोन वेगळ्या नेटवाल्यांच्या वायरी खोचायच्या. एक लाईन मेली की काम दुसरीवरून सुरू. तिसरं पोर्टही पाहिजे तर वॅन करता येतं. खोक्यावर 'ऑटोमॅटिक' असं छापलंय. त्या एका शब्दावर भरवसा ठेवला आणि पहिल्या आठवड्यातच तोंडावर आपटले.

डबा कंपनीतून येतो तो 'लोड बॅलन्स'वर. म्हणजे अर्धं काम या लाईनीवरून, अर्धं त्या. ऐकायला छान वाटतं. एक मुलगा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आला, तीनदा ओटीपी टाकला आणि तीनदा साईटनं बाहेर काढलं. मला वाटलं सर्व्हर डाऊन. संध्याकाळी लॉग, म्हणजे डब्याची आतली नोंदवही, बघितला तेव्हा उलगडा झाला. लॉगिनचं पान गेलं पहिल्या लाईनीवरून, ओटीपीचं दुसरीवरून. दोन्ही लाईनींचे बाहेरचे आयपी पत्ते वेगळे, त्यामुळं साईटला वाटणार की पासवर्ड एकानं टाकला आणि ओटीपी भलत्यानंच. तिनं बाहेर काढलं त्यात तिची चूक नाही. उपाय डब्यातच होता, तीन पानं आत दडलेला: एक कॉम्प्युटर एका लाईनीला बांधून ठेवायचा आणि ती लाईन मेली तरच हलवायचा. सरकारी आणि बँकेचं काम करणाऱ्यांनी डबा चालू केल्याबरोबर पहिलं काम हे करावं. माहितीपुस्तिकेत याबद्दल एक ओळ आहे, तीही इंग्रजीत, अगदी शेवटी.

दुसरा धडा महाग पडला. दुसरी लाईनही मी फायबरचीच घेतली होती. पहिली एका केबलवाल्याची, दुसरी दुसऱ्याची, बिलं वेगळी, माणसं वेगळी. ऑक्टोबरात रस्त्याचं काम निघालं, जेसीबीनं एक घाव घातला आणि दोन्ही लाईनी एकाच मिनिटाला गेल्या. डब्यावर दोन लाल दिवे. मी रस्त्यानं चालत गेले तेव्हा दिसलं: दोघांच्या वायरी एकाच नाल्याच्या कडेनं, एकाच चरातून, पुढं एकाच खांबावरून. पावती दोन, वाट एक. जोड मारायला दोन्हीकडची पोरं एकाच छत्रीखाली बसली होती आणि एकमेकांना वायरी धरून देत होती, ते बघून रागही येईना. दुसऱ्या दिवशी दुसरी फायबर बंद केली आणि सिमवर चालणारा राउटर घेऊन गच्चीवर पाइपाला बांधला. टॉवर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, मधे खांब नाही, चर नाही. वेग फायबरच्या चौथाईनं मिळतो, पण मिळतो. डब्याच्या गुणांपेक्षा हा बदल जास्त कामाला आला.

आता डब्याच्या खऱ्या दोषाकडं येते. लाईन मेलीय हे त्याला कळतं कसं? मूळ सेटिंगमध्ये तो फक्त शेजारच्या फायबरच्या खोक्याला विचारतो, "आहेस का?" खोकं म्हणतं, "आहे." दिवा हिरवा. आमच्याकडं नेट जातं ते बहुतेक वेळा त्याच्याही पुढं, बीडकडं नाहीतर लातूरकडं कुठंतरी. पुढचा पूल वाहून गेला तरी गाडी फलाटावर उभी आहे म्हणून मार्ग चालू, असा तो हिशेब. म्हणून पिंगचा, म्हणजे या "आहेस का?"चा, पत्ता लांबचा द्यावा लागतो. मी दोन दिले, गुगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१. दोन्ही गप्प झाले तरच लाईन मेली असं धरायचं, नाहीतर त्यातला एकच बंद असला तरी आपण उगाच घर बदलतो. दर ५ सेकंदांनी पिंग, लागोपाठ तीन हुकले की बदल, म्हणजे साधारण १५ सेकंदांत काम दुसऱ्या लाईनीवर. १५ सेकंद ग्राहकाला कळतसुद्धा नाहीत, तेवढा वेळ तर आमचा प्रिंटर कागद ओढायला घेतो.

काहींना १५ सेकंद जास्त वाटतील. पण मोठ्या नेटवर्कांचे आकडे बघा. एका संस्थेच्या आतले रस्ते ठरवणाऱ्या ओएसपीएफ या पद्धतीत शेजारी ४० सेकंद गप्प राहिला की त्याला मेला समजायची नेहमीची पद्धत. कंपन्या-कंपन्यांमधले रस्ते ठरवणाऱ्या बीजीपीच्या नियमात सुचवलेली मुदत ९० सेकंद. आणि बीजीपीला गर्दी कळत नाही. शेजारी जिवंत आहे आणि रस्ता सांगतोय, एवढं त्याला पुरतं, मग त्या रस्त्यावर संध्याकाळी सातला मुंगी शिरायला जागा नसली तरी. ही उणीव भरायला २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या लोकांनी डझनभर ठिकाणी आपली मशीनं ठेवून ती एकमेकांना सतत तपासत ठेवली. सरळ वाट बिघडली की माल तिसऱ्या मशीनमार्गे पाठवायचा. बिघाडातून बाहेर पडायला त्यांना सरासरी १८ सेकंद लागले. त्यामुळं माझ्या १५ सेकंदांबद्दल मी डब्याला काही बोलत नाही.

बोलते ते पुढच्या गोष्टीबद्दल, आणि इथं चूक निम्मी माझीच. मेलेली लाईन ओळखणं सोपं, आजारी लाईन ओळखणं अवघड. आमची फायबर दिवेलागणीला जड होते. पिंगचं उत्तर यायला सकाळी २५ मिलिसेकंद, संध्याकाळी ३०० च्या वर. डब्यात सोय होती की पिंग अमुकच्या वर गेला तर लाईन बदल. मी हौसेनं २०० टाकलं. डिसेंबरात एका संध्याकाळी आमच्या काउंटरवर बसणारे अप्पा म्हणाले, "माय, तुझा डबा डोळे मारायलाय." लॉग उघडला. एका तासात ४१ वेळा लाईन बदललेली. फायबर जड झाली, पाचही कॉम्प्युटर सिमवर गेले. पाचांच्या ओझ्यानं सिम गुदमरलं. तोवर फायबर रिकामी झालेली, पिंग सुरेख. सगळे परत फायबरवर. ती पुन्हा जड. प्रत्येक फेरीत कुणाचा तरी फॉर्म अर्ध्यात तुटला.

हा रोग मी तंत्रनिकेतनात आठ मार्कांच्या प्रश्नात शिकले होते आणि विसरलेही होते. अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा अमेरिकेतला पूर्वज, १९६९ मध्ये सुरू झालं तेव्हा प्रत्येक यंत्र आपल्या रांगेत माहितीची किती पाकिटं उभी आहेत ते मोजायचं आणि साधारण दर दोन-तृतीयांश सेकंदाला शेजाऱ्यांना सांगायचं. रांग तर क्षणात वाढते, क्षणात ओसरते, त्यामुळं रस्तेही तसेच हलत. १९७९ मध्ये पद्धत बदलली: खरा लागलेला वेळ मोजायचा, १० सेकंदांची सरासरी काढायची आणि ती सगळ्या नेटवर्कला कळवायची. वाहतूक कमी असताना हे उत्तम चाललं. वाहतूक वाढली तेव्हा नेमकं माझ्या दुकानातलं झालं. एक दुवा भरला की सगळे त्याला सोडून दुसऱ्यावर, तो भरला की सगळे परत. १९८७ मध्ये मोजमापच सुधारलं. दुवा कितीही भरलेला असो, त्याची किंमत रिकामा असतानाच्या तिप्पटीपेक्षा जास्त दाखवायची नाही, आणि एका फटक्यात फार वर-खाली होऊ द्यायची नाही. म्हणजे थोडी गर्दी असली तरी बहुतेकांनी आहे त्याच रस्त्यानं जायचं.

मी हे अप्पांना सांगितलं. अप्पा एकतीस वर्षं एसटीत, शेवटची बारा वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक. ते म्हणाले, "ह्याला कशाला अमेरिका लागते?" धारूरच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर उलटला की माजलगावच्या गाड्या परळी-सिरसाळ्यावरून काढायच्या, ही नेहमीची वहिवाट. नवीन नियंत्रक सगळ्याच गाड्या तिकडं पिटाळतो. मग परळीत राखेच्या टिपरांमधे त्या अडकतात आणि इकडं घाट मोकळा होऊन ओस पडतो. अप्पा आधी दोन गाड्या काढायचे, तेलगावला फोन करून त्या किती वाजता पोचल्या विचारायचे, मग पुढच्यांचं ठरवायचे. आणि घाट सुटल्याची खबर आली तरी लगेच परत वळवायचे नाहीत. "खबर सुटल्याची येती, पुन्हा अडकल्याची येत नाही," हे त्यांचं वाक्य.

डब्यात मी तेच केलं. वेळेवरून लाईन बदलणं जवळपास बंद, मर्यादा ६०० वर नेली. बदल झालाच तर काउंटरचे दोन कॉम्प्युटर आधी हलतात, बाकीचे तीन लाईन खरंच मेली तर. आणि परत यायचं तर फायबरवर लागोपाठ १२० पिंग पोचले पाहिजेत, म्हणजे पूर्ण १० मिनिटं. त्या दिवसापासून जास्तीत जास्त बदल एका दिवसात सहा, तेही वादळाच्या दिवशी.

काही किरकोळ. डबा लोखंडी आहे आणि मे महिन्यात पत्र्याखाली हात लावू देत नव्हता. दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला. मग तो भिंतीवरून काढून माठाच्या कोपऱ्यात, खालच्या फळीवर ठेवला, तेव्हापासून गुण आला. वीज गेली की डबा, फायबरचं खोकं आणि गच्चीवरचा राउटर अशा तिन्ही गोष्टी इन्व्हर्टरवर हव्यात. एक जरी विसरली तर बाकीच्या दोन शोभेच्या. वीज जाऊन आल्यावर घड्याळ १९७० सालात जातं आणि नेट सापडेपर्यंत लॉगमध्ये वाट्टेल त्या तारखा पडतात. अप्पा त्यावर विसंबत नाहीत, त्यांनी शंभर पानी वही केलीय: "११.४० फायबर बंद. ११.५८ आली. १२.०८ वळवली."

डबा जे करू शकत नाही तेही सांगते. लाईन बदलली की चालू सेशन तुटतं, व्हिडिओ कॉल तुटतो, अंगठ्याची पडताळणी अर्धी राहिली तर पहिल्यापासून. पत्ता बदलला की समोरच्यासाठी आपण नवीन माणूस. हे टाळायचं तर दोन्ही लाईनी मुंबईसारख्या ठिकाणच्या एका सर्व्हरपर्यंत बोगद्यातून न्यायच्या आणि तिथून एकाच पत्त्यानं बाहेर पडायचं. अशी सेवा मिळते, भाडं महिन्याला. मी हिशेब केला आणि सोडून दिलं. ज्यांचं कॉल सेंटर आहे किंवा ऑनलाइन परीक्षा घेतात, त्यांना परवडेल.

तर घ्यावा का? दिवसभर ऑनलाइन काम आणि समोर रांग असेल तर घ्या, पण ६,२०० मध्ये दुसऱ्या लाईनीचं महिन्याचं बिल धरलेलं नाही हे लक्षात ठेवा. घरी मालिका बघायला नको, मोबाईलचं हॉटस्पॉट पुरे. यंदाच्या जुलैत पीकविम्याच्या गर्दीत फायबर नऊ वेळा गेली. "उद्या या" मला एकदाच म्हणावं लागलं आणि तेव्हा नेट चालू होतं, साईटच बंद होती.

तिसरं पोर्ट अजून रिकामं आहे. परवा एक नवीन नेटवाला दुकानात आला, स्वस्तात लाईन देतो म्हणाला, आमची वायर एकदम वेगळी आहे ताई, वगैरे. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी वही मिटली, चष्मा खिशात घातला आणि त्या पोराला म्हणाले, "चल, आधी खांब दाखव."