दुधीच्या नूडल्स आणि चिंच-दाण्याचा सॉस: स्पायरलायझर वापरून झाले आठ महिने

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ संपला त्या आठवड्यात, मी हातानं फिरवायचा स्पायरलायझर, म्हणजे भाजीची लांब शेव पाडणारं यंत्र, मागवला. साडेअकराशे रुपये पडले. आता जुलै संपत आलाय. मधल्या काळात आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा तो ओट्यावर आलेला आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

घेतला तो सासूबाईंसाठी. आईंना चौदा वर्षं मधुमेह आहे आणि रात्री ताटात भात नसला तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. ह्यांनाही डॉक्टरांनी रात्रीचं जेवण हलकं ठेवायला सांगितलं होतं. आणि लेक कामासाठी बँकॉकला जाऊन आल्यापासून घरात थायी चवीचं नवं प्रेम लागलेलं होतंच. भाजीच्याच नूडल्स करून त्यावर तसा सॉस घालता आला तर तिघांचंही भागेल, असं वाटलं.

यंत्र साधं आहे. खाली चार रबरी पाय, मधे पात्याची चौकट, एका बाजूला दात असलेली चकती आणि हँडल. भाजीचं एक टोक चकतीत खोचायचं, दुसरं पात्याला टेकवायचं आणि पुढे ढकलत हँडल फिरवायचं. सलग, हातभर लांब शेव बाहेर पडते. बारीक, जाड आणि पट्टीसारखी अशी तीन पाती येतात. नूडल्ससाठी मी जाडच वापरते. बारीक पात्याची शेव कढईत पडल्यापडल्या मऊ होऊन जाते.

पहिली अडचण अशी आली की जाहिरातीत कुणी सांगणार नाही. आमचं घर कोथरूडमधलं, जुन्या इमारतीतलं, आणि ओटा कडप्प्याचा. ते रबरी पाय हवा दाबून चिकटतात, त्यांना गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. कडप्प्यावर ते धरतच नाहीत. गाजर लावलं की एका हातानं यंत्र दाबायचं, दुसऱ्यानं हँडल फिरवायचं आणि ढकलायला तिसरा हात आणायचा कुठून? शेवटी वरच्या मजल्यावर काम चाललं होतं तिथून ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा मागून आणला. खाली ओलं फडकं, त्यावर ग्रॅनाइट, त्यावर यंत्र. तेव्हापासून हललेलं नाही. तुमचा ओटा ग्रॅनाइटचा असेल तर पाय नुसते ओल्या बोटानं पुसून घ्या, काम होईल.

खरा प्रश्न पाण्याचा. पहिल्या दोन वेळा मी झुकिनीच्या (काकडीसारखी दिसणारी विलायती भाजी) नूडल्स थेट सॉसमधे टाकून परतल्या. पाच मिनिटांत कढईत सार झालं. झुकिनीत ९४-९५ टक्के पाणीच असतं, दुधीत त्याहूनही जरा जास्त. सॉसमधे मीठ, वरून आच, मग ते पाणी आत कशाला थांबेल? काकडीच्या कोशिंबिरीला आपण आधी मीठ लावून पाणी काढतो, तोच नियम इथे लावला आणि तिथून पुढे पदार्थ जमायला लागला.

आता करते ते असं. तिघांसाठी सोललेली भाजी साधारण ६०० ग्रॅम. शेव पाडली की कात्रीनं दोन-तीन ठिकाणी कापायची, नाहीतर ताटात वाढताना सगळा गुंता एकदम उचलला जातो. वर पाऊण चमचा मीठ भुरभुरवून चाळणीत वीस मिनिटं ठेवायची. मग धुतलेल्या पंच्यात घेऊन पिळायची, पण चक्का बांधताना पिळतो तशी जोर लावून नाही. मूठ मूठ घेऊन, दाबून सोडायची. पाऊण वाटीभर पाणी सहज निघतं. पिळल्यावरही शेवेत मीठ राहतं, म्हणून पुढे सॉसमधे वेगळं मीठ अजिबात नाही. लोखंडी कढई चांगली तापवायची, चमचाभर तेल, आणि शेव दोन हप्त्यांत टाकायची. एकदम सगळी टाकली की परतली जात नाही, वाफेवर शिजते. झुकिनीला एक मिनिट, दुधीला दोन-अडीच, तो कडेनं पारदर्शक दिसायला लागेपर्यंत. गॅस बंद करायचा आणि मगच सॉस. आईंना वाढायला उशीर होणार असेल तर सॉस वाटीत वेगळाच देते.

सॉसबद्दल मला मनापासून सांगायचंय. सुरुवातीला मी कॅम्पात जाऊन दोन-तीन बाटल्या आणल्या होत्या. एकीच्या मागचं लेबल वाचलं तर पहिला घटक साखर. कमी कर्बोदकांचं जेवण करायचं आणि त्यावर साखरेचा पाक ओतायचा, याला अर्थ नव्हता. मग पॅड थाय या थायी नूडल्सच्या पदार्थाच्या सॉसमधे मुळात काय असतं ते नीट वाचलं: चिंच, ताडाचा गूळ, माशाचा खारवलेला सॉस, वरून भाजलेले दाणे, तिखट, लिंबू. मी स्वयंपाकघरात उभी राहून फळीकडे बघितलं. चिंच आहे, गूळ आहे, दाण्याचा कूट तर डबाभर आहे. चिंचगुळाची आमटी ज्या हाताला जमते त्याला या सॉसची आंबट-गोडाची बैठक वेगळी शिकावी लागत नाही.

१५ ग्रॅम चिंच कोमट पाण्यात भिजवून दाट कोळ काढते. त्यात दोन चहाचे चमचे गूळ, दीड मोठा चमचा सोया सॉस (आई मासे खात नाहीत, म्हणून माशाच्या सॉसऐवजी हा), ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. दाणे ६० ग्रॅम, खमंग भाजून. अर्ध्यांचा बारीक कूट सॉसमधे, अर्धे नुसते भरडून वर घालायला. गॅस बंद केल्यावर लिंबू. कधी दोन चमचे नारळाचं घट्ट दूध घालते, तेव्हा गूळ निम्मा पुरतो. कोथिंबीर देठांसकट. थायी स्वयंपाकात कोथिंबिरीची मुळंसुद्धा वाटणात घालतात. मंडईत कधीकधी मुळासकट जुडी मिळते, तेव्हा मुळं खरवडून धुऊन लसणाबरोबर ठेचते. त्या दिवशी सॉसचा वास वेगळाच येतो.

याला मी पॅड थाय म्हणत नाही. त्या पदार्थात तांदळाच्या नूडल्स असतात, आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. १९३९ मध्ये सयामचं नाव थायलंड झालं त्या सुमारास, फील्ड मार्शल फिबुनसोंगख्राम यांच्या सरकारच्या काळात, तो देशाचा पदार्थ म्हणून पुढे आणला गेला. कढईत भरभर परतायची पद्धत चिनी, चव थायी. आमच्या ताटात असतं ते थायी धाटणीचं, पुण्यातल्या भाजीचं जेवण.

भाजी पुण्यातली, कारण झुकिनीवरून मी दुधीवर आले. झुकिनी मोठ्या दुकानांत मिळते, ऑनलाइन मिळते, पण महाग पडते आणि दोन दिवसांत मऊ पडते. आमच्या भाजीवाल्या मावशींकडे बाराही महिने दुधी असतो. "ताई, नख लावू नका, मी देते कोवळा," असं म्हणून त्या स्वतः निवडून देतात. लांब, सरळ, मनगटाएवढा बारीक दुधी हवा. जून दुधीच्या मधल्या भागात बिया असतात, तिथे शेव तुटते आणि चुरा पडतो. दुधी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा, हे मी कधीही चुकवत नाही. कडू लागला तर थुंकून टाकायचा आणि अख्खा दुधी फेकून द्यायचा, मीठमसाल्यानं झाकायचा नाही. त्या कडू द्रव्यानं उलट्या होऊन माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. झुकिनीलाही हाच नियम.

नवलकोलाच्या नूडल्स मला सगळ्यांत आवडतात. कुरकुरीत राहतात, पाणी कमी सुटतं. थंडीत मिळतो तेव्हा तोच वापरते. पांढरा मुळा चालतो पण वास राहतो, ह्यांना तो चालत नाही. गाजर रंगापुरतं, एकच. वांगं या यंत्रावर लावूच नका. कच्ची पपईही नाही. ती आतून पोकळ, चकतीचे दात धरणार कशाला? पपईसाठी लांब किसणी बरी. त्यावरून आठवलं, कच्च्या पपईच्या थायी कोशिंबिरीचं नाव सोम ताम, त्यातल्या सोमचा अर्थ आंबट आणि तामचा कुटणं. आमचा दगडी खलबत्ता वर्षानुवर्षं नुसत्या वेलदोड्यासाठी निघायचा. आता त्यात लसूण, मिरची, दाणे, गूळ आणि पपईचा कीस हलक्या हातानं ठेचला जातो. उन्हाळ्यात गॅस पेटवायचा कंटाळा येतो तेव्हा आम्ही तेच खाल्लं.

आता आकडे, कारण जेवण हलकं असल्याचं नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही. १०० ग्रॅम झुकिनीत किंवा दुधीत कर्बोदकं ३ ते ४ ग्रॅम. गाजरात १० च्या जवळपास. शिजलेल्या भातात २८, शिजलेल्या तांदळाच्या नूडल्समधे साधारण २४. माझ्या वरच्या मापानं एका ताटात २०० ग्रॅम दुधीचे ७, गाजराचे अडीच, आणि चिंच, गूळ, दाणे मिळून ९-१०. म्हणजे वीसच्या आसपास. तेवढ्याच तांदळाच्या नूडल्स असत्या तर नुसत्या त्यांचेच ४८ झाले असते. यातला निम्मा वाटा सॉसचा आहे हे बघा. चिंचेतही साखर असते. गूळ "नैसर्गिक" म्हणून हात सैल सोडला तर सगळा हिशेब बिघडतो.

आणि नुसत्या भाजीवर पोट भरत नाही. पहिल्या महिन्यात रात्री साडेदहाला आई हळूच डब्यातला खाकरा काढून खायच्या. चूक माझी होती. दुधीत प्रथिनं जवळजवळ नाहीतच. तेव्हापासून ताटात प्रत्येकी ८०-१०० ग्रॅम पनीर किंवा टोफू असतंच, ह्यांच्यासाठी दोन अंडी. मोडाचे मूग मूठभर. खाकरा बंद झाला.

घरात साखरेची औषधं चालू असतील तर एक गोष्ट आधी करा. आम्ही सुरू करण्यापूर्वी आईंच्या डॉक्टरांना विचारलं, आणि बरं झालं विचारलं. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकदम भात-पोळी कमी केली तर साखर खाली जाऊ शकते. त्यांनी आईंची एक गोळी बदलून दिली आणि पहिले पंधरा दिवस घरी तपासायला सांगितलं. जेवणानंतर दोन तासांचा आकडा भाताच्या रात्रीपेक्षा या रात्री कमी येतो, हे आम्ही वहीत लिहून ठेवलंय. हा आमच्या घरातल्या एका माणसाचा अनुभव आहे, तेवढाच धरा. सोयामधे मीठ भरपूर असतं, रक्तदाब असेल तर तेही सांभाळा. आईंच्या वाटणीचा सॉस मी सोया अर्धा करून, लिंबू वाढवून करते.

आता तक्रार. चौथ्या महिन्यात हँडलची मूठ तडकली. गाजर जाड होतं, जोर पडला. कंपनीला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं की सुटा भाग मिळत नाही, नवं यंत्र घ्या. साडेअकराशेच्या वस्तूची मूठ पन्नास रुपयांना देता येत नाही याचा मला राग आला, अजूनही आहे. ह्यांनी ते रविवार पेठेत बोहरी आळीत नेलं. तिथल्या एका दुकानदारानं मूठ काढून आरपार बोल्ट घातला, वर लाकडी गोळा बसवला. आता ते पहिल्यापेक्षा भक्कम आहे.

धुताना पात्याच्या दातांत धागे अडकतात. वाळू देऊ नका, लगेच नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं काढा. बोट घालू नका, पाती खरोखर धारदार आहेत. माझ्या अंगठ्यावर खूण आहे. गाजराचा केशरी डाग प्लॅस्टिकवर राहतो, तो गोडं तेल चोळून मग साबण लावला की जातो. दर वेळी पेन्सिलीएवढा मधला दांडा आणि टोकाची चकती उरते. मी ते किसून दुसऱ्या दिवशी थालीपिठात घालते.

घरात दोन-तीन माणसं असतील, संध्याकाळी अर्धा तास हाताशी असेल, तर घ्या. सहा-सात जणांसाठी एवढी भाजी पाडायची, मीठ लावायची, पिळायची, हप्त्याहप्त्यानं परतायची म्हणजे दीड तास मोडतो. त्यांनी पट्टीची साधी सोलणी घ्यावी, दीडशे रुपयांत मिळते आणि तिच्या पट्ट्यांवरही हाच सॉस छान लागतो. घेताना सुटी मूठ मिळते का ते आधी विचारा. आणि पहिल्यांदा करताना झुकिनीच्या मागे न लागता नवलकोल किंवा कोवळा दुधी आणा. आमच्याकडे आता गुरुवार आणि रविवार ठरलेत, बाकीचे दिवस आईंना वाटीभर भात असतोच.