रेमिंग्टनवरून इनस्क्रिप्टवर: आठ महिन्यांनंतर

इंदुरात टायपिंग शिकलेला हात बहुतेक रेमिंग्टनवरच, म्हणजे हिंदी टाइपरायटरच्या जुन्या कळरचनेवरच, बसलेला असतो. सीपीसीटीला (मध्य प्रदेश सरकारची संगणक आणि टायपिंगची परीक्षा) रेमिंग्टन गेल, म्हणजे रेमिंग्टनचं संगणकावरचं रूप, आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना, दोन्ही चालतात. पण हिंदीबरोबर मराठीही टाइप करायची असेल तर इनस्क्रिप्टच घ्या. आठ महिने रोज वापरून झालेलं मत आहे, तक्रारींसकट.

रोज अर्धा तास दिला तर अक्षरांच्या जागा तीन आठवड्यांत पाठ होतात. खरा घोळ क्रमाचा. रेमिंग्टनवर डोळ्याला दिसतं तसं टाइप होतं: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार शेवटी. इनस्क्रिप्ट उच्चाराप्रमाणे चालतं. ‘कर्ज’ म्हणजे क, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), ज. जुन्या सवयीने र आणि हलन्त शेवटी दिले की ‘कजर्’ उमटतं. वेलांटी आधी मारली तर ती ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला चिकटते. ही सवय सुटायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस रेमिंग्टनला हात लावू नका, नाहीतर दोन्ही बिघडतात.

मराठीची अक्षरं मात्र हाताशी आहेत. ळ शिफ्ट+एनवर, ण शिफ्ट+सीवर. ‘ऱ्या’साठी शिफ्ट+जे, मग हलन्त (डी), य, काना. इथे साधा र वापरलात तर ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, आणि पंगतीतले स्वयंपाकी थेट गुरुपदाला पोचतात. ‘ॲ’ची रड वेगळी. जुन्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट+1 वर हिंदी वळणाचा ऍ आहे. अ टाइप करून वर चंद्र दिला तर दिसायला ॲ दिसतो, पण युनिकोडच्या (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण संकेतांच्या) लेखी तो वेगळा. नंतर शोधायला गेलात तर ‘ॲप’ सापडत नाही.

‘स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या’ हे ऐकायला छान. पण न, म, व डावीकडेच आहेत. ‘नवीन’ टाइप करून बघा: व्ही, बी, आर, व्ही. चारही कळा डाव्या तर्जनीच्या. उलट ‘काका’ला दोन्ही हात छान आलटूनपालटून चालतात. उजव्या करंगळीवर च, ट, ज, ड, य एवढा भार आहे. पहिला महिना ती दुखते.

इंदुरातल्या जेल रोडवरून कीबोर्डवर चिकटवायचे अक्षरांचे स्टिकर आणणार असाल तर ‘के’ची कळ आधी बघा. तिथे क असेल तर इनस्क्रिप्ट, काना असेल तर रेमिंग्टन.