नोटा खऱ्या होत्या, देश दुसरा होता

युरोपला येणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत पॅरिस, रोमच्या जोडीला आता प्राग हमखास असतं. शहर आहेच पायी बघण्यासारखं. पावडर टॉवरपाशी सुरुवात करायची, त्सेलेत्ना रस्त्याने जुन्या चौकात यायचं, तिथून कार्लोवाच्या नागमोडी गल्लीतून चार्ल्स पुलावर, आणि पलीकडे नेरुदोवाची चढण चढून किल्ल्यावर. बोहेमियाच्या राजांची राज्याभिषेकाची मिरवणूक याच वाटेने जायची. आज याच वाटेवर पैसे बदलून देणारी दुकानं आहेत आणि त्या दुकानांभोवती घुटमळणारे ठगही आहेत. त्यांनी माझ्या सासऱ्यांना कसं लुबाडलं ते सविस्तर लिहिते. पुढच्या कुणाचे तरी पैसे वाचावेत, एवढ्यासाठीच.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, पण तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. आम्ही न्यूरेंबर्गला राहतो. सासू-सासरे सांगलीहून आले होते आणि त्यांना घेऊन आम्ही बसने प्रागला गेलो. खिशात सगळे युरो. ठगांना नेमकी अशीच माणसं हवी असतात.

जुन्या चौकात नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळा खेळ मिनिटभराचा, पण त्याआधी बराच वेळ गर्दी माना वर करून उभी असते. मी आणि आई गर्दीत पुढे होतो. बाबांना उन्हाचा त्रास होत होता, म्हणून ते जरा बाजूला, पैसे बदलण्याच्या एका दुकानाच्या सावलीत थांबले होते.

तिथे एकजण आला. नीटनेटके कपडे, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकवलेलं. "नमस्ते! इंडिया?" अशी सुरुवात. आत दुकानात फार कमिशन कापतात, मी तुम्हाला बँकेचा भाव देतो, म्हणून त्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब दाखवला: १ युरोला २५ कोरुना, १०० युरोचे २५००. भाव अगदी बरोबर होता. संशय यावा असं त्यात काही नव्हतंच. तेवढ्यात दुसरा एक माणूस आला, त्याने याच्याकडून पैसे बदलून घेतले आणि 'गुड, गुड' करत निघून गेला. तो त्यांच्यातलाच असणार, हे आम्हाला नंतर उमगलं.

बाबांच्या हातात तीन नोटा आल्या. हजाराच्या दोन, पाचशेची एक. बाबा व्यवहारात पक्के. त्यांनी नोटा मोजल्या, एकेक उजेडाकडे धरली, वॉटरमार्क पाहिला, चमकती पट्टी पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी शंभर युरोची नोट दिली.

कार्लोवा गल्लीत पाण्याच्या बाटल्या घेताना बाबांनी त्यातली हजाराची नोट पुढे केली. दुकानातल्या मुलीने ती हातातही घेतली नाही. "हंगरी," एवढंच म्हणाली. मी नोट घेऊन वाचली. निळसर रंग, लांब केसांच्या राजाचं चित्र, आणि स्पष्ट अक्षरांत 'फोरिंट'. हा हंगेरीचा राजा मात्याश. तिन्ही नोटा हंगेरीच्या, आणि तिन्ही अस्सल. एका युरोला चारशेच्या आसपास फोरिंट मिळतात, म्हणजे बाबांच्या हातात शंभर युरोच्या बदल्यात जेमतेम सहा-सात युरो आले होते.

म्हणूनच ही फसवणूक ओळखणं कठीण जातं. आपल्याकडे नोट घेताना ती खोटी तर नाही ना, एवढंच बघायची सवय असते. ज्याने कोरुना कधी पाहिलाच नाही, त्याने फोरिंट कसा ओळखायचा? काही जणांना तर बेलारूसच्या जुन्या रुबलच्या नोटा देतात. २०१६ साली तिथे १०,००० जुन्या रुबलचा एक नवा रुबल झाला, म्हणजे त्या नोटा निव्वळ कागद.

आम्ही धावत चौकात परत आलो. माणूस अर्थातच पसार. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली, पासपोर्ट दाखवले, वर्णन लिहून दिलं. पोलीस सौजन्याने वागले, पण पैसे परत मिळाले नाहीत. बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. पैशापेक्षा, आपल्या देशाचं नाव घेऊन हसत बोलणाऱ्या माणसाने असं करावं, हे त्यांना फार लागलं. मला अजूनही त्या माणसाचा संताप येतो.

तुम्ही जाणार असाल तर रस्त्यावर कुणाशीही पैशाचा व्यवहार करू नका, भाव कितीही चांगला असो. मुळात रोकड फारशी लागत नाही. हॉटेलं, दुकानं, अगदी ट्रामच्या आतल्या मशीनवरसुद्धा कार्ड चालतं. सुट्टे पैसे हवेतच तर एखाद्या बँकेच्या इमारतीला लागून असलेल्या एटीएममधून काढा. मशीनने रक्कम रुपयांत किंवा युरोत बदलून घेणार का असं विचारलं तर नाही म्हणा, तो भाव तोट्याचा असतो. कोरुनाची नोट ओळखायची खूण सोपी आहे: तिच्यावर 'चेस्का नारोद्नी बांका' असं लिहिलेलं असतं. हजाराची नोट जांभळी असून तिच्यावर इतिहासकार पालात्स्कींचं चित्र आहे.

दुकानात बदलायची वेळ आलीच तर '० टक्के कमिशन' या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. फलकावर 'नाकुप', म्हणजे खरेदीचा, रकाना बघा, कारण तुमचे युरो ते विकत घेत असतात. नोट देण्याआधी हातात नेमके किती कोरुना पडणार ते लिहून मागा. आणि तिथे फसलात तर गप्प बसू नका. १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या कायद्याने १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करता येतो, कारण सांगावं लागत नाही. त्यासाठी पावती लागते, आणि रस्त्यावरचा माणूस पावती देत नाही. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तिथे उभं राहूनच १५८ ला, म्हणजे पोलिसांना, फोन लावा.