के-१ व्हिसा: लवकर पोचवतो, मग अडवून ठेवतो

एक जण अमेरिकेत, दुसरा दुसऱ्याच देशात. अशी जोडपी माहिती काढायला बसली की आधी हाती लागतो तो के-१, म्हणजे फियान्से व्हिसा. लग्नाआधीच जोडीदाराला बोलावून घेता येतं म्हटल्यावर पुढचं कुणी फारसं वाचत नाही. पण सरकारी सेवा म्हणून त्याचा हिशेब मांडायला बसलं, म्हणजे पैसे किती, हाती काय पडतं, अडतं कुठे, तर बऱ्याच जोडप्यांना तो महागात पडतो. आमच्या मते पहिला विचार सीआर-१ चा, म्हणजे आधी लग्न करून मग मिळणाऱ्या व्हिसाचा व्हावा. के-१ ठरावीक अडचणींसाठी आहे आणि त्या अडचणींत तो खरंच कामाला येतो.

आधी के-१ च्या अटी. बोलावणारा अमेरिकेचा नागरिकच हवा, ग्रीन कार्डवाल्याला हा रस्ता नाही. अर्ज करायच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. व्हिडिओ कॉल कितीही झाले तरी ती भेट धरत नाहीत, आणि या अटीतून सूट फार क्वचित मिळते. अर्जाच्या दिवशी दोघंही लग्नाला मोकळे हवेत. घटस्फोटाचा अंतिम आदेश महिन्याभरात येणार असेल, तर अर्ज त्यानंतरच पाठवायचा.

सुरुवात होते आय-१२९एफ या अर्जाने, फी ६७५ डॉलर. सोबत नागरिकत्वाचा पुरावा, दोघांचे दोन बाय दोन इंचाचे फोटो, ‘९० दिवसांत लग्न करणार’ असं दोघांनी वेगवेगळं लिहून सही केलेलं पत्र आणि भेटीचे पुरावे. भेटीसाठी पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास हे सगळ्यात भक्कम. चॅटची चारशे पानं जोडण्यात अर्थ नाही, ती तपासणारा माणूस वाचत नाही. त्यापेक्षा दर महिन्याची दोन-तीन पानं, भेटीच्या ठिकाणांचे तारखांसह फोटो आणि हॉटेलची दोघांच्या नावाची पावती जास्त बोलते. अर्ज मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरमार्गे वकिलातीत जाते. मंजुरीची मुदत चार महिने, गरज पडली तर वकिलात वाढवून देते. मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, त्याचे २६५ डॉलर, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे वैद्यकीय तपासणी, पोलीस दाखले आणि मुलाखत.

व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. आत आल्यापासून ९० दिवसांत, ज्याने अर्ज केला त्याच माणसाशी लग्न करायचं. मन बदललं आणि दुसऱ्या कुणाशी लग्न केलं, तर त्या लग्नाच्या आधारावर आत राहून ग्रीन कार्ड मिळत नाही. के-१ वर आलेल्याला विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावरही तिथल्या तिथे उडी मारता येत नाही. ९० दिवस उलटून गेल्यावर लग्न केलं, तर नुसत्या के-१ वर भागत नाही, आय-१३०, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, वेगळा भरावा लागतो.

खरी मेख आहे लग्नानंतर. ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भरायचा, फी १,४४० डॉलर. तो प्रलंबित असताना नोकरी करायची तर वर्क परमिटचे वेगळे २६० डॉलर. देशाबाहेर जायचं तर अॅडव्हान्स पॅरोलचे, म्हणजे परत येण्याच्या आगाऊ परवानगीचे, वेगळे ६३०. पॅरोल हातात नसताना देश सोडला, मग कारण आजारपण असो की घरातला मृत्यू, अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणजे माणूस जोडीदाराजवळ पोचतो खरा, पण कित्येक महिने ना पगार, ना माहेरी जायची सोय. पहिल्या वर्षातले बरेच खटके याच काळातले, आणि नेमका हा काळ कुठल्याच तक्त्यात दाखवलेला नसतो. तक्ते मोजतात ते विमानतळापर्यंतचे महिने. मोजायला हवेत ते पहिल्या पगारापर्यंतचे.

सीआर-१ मध्ये क्रम उलटा. आधी कुठल्याही देशात कायदेशीर लग्न, मग आय-१३०. ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदी भरला तर ६७५. मंजुरीनंतर व्हिसाचे ३२५, हमीपत्राचे १२० आणि शेवटी कार्डाचे २३५. ऑनलाइनची बेरीज १,३०५ डॉलर. के-१ ची सगळी बेरीज, वर्क परमिट आणि पॅरोल धरून, ३,२७० होते. ते दोन्ही टाळले तरी २,३८०. (हे दर १ एप्रिल २०२४ पासूनच्या तक्त्यातले. अर्ज पोचतो त्या दिवशीचा दर लागू होतो, म्हणून पाकीट बंद करायच्या आधी तक्ता परत एकदा पाहा. फी चुकली की अख्खं पाकीट परत येतं.) सीआर-१ वर विमानतळावर शिक्का बसला की माणूस त्या क्षणापासून कायम रहिवासी. तो शिक्का वर्षभर ग्रीन कार्डाचंच काम करतो, दुसऱ्या दिवशी नोकरी धरता येते आणि तिसऱ्या दिवशी परत उडताही येतं. वाट बघायची ती आपापल्या घरी, आपापल्या नोकरीत. जास्त पैसे भरून लवकर निकाल घ्यायची सोय मात्र दोन्हींकडे नाही. कुणी एजंट ‘प्रीमियम’ करून देतो म्हणाला, तर तिथूनच उठावं.

मग के-१ घ्यावा कुणी? एक, ज्यांना दोघांपैकी कुणाच्याही देशात, किंवा सोयीच्या तिसऱ्या देशात, लग्न करता येत नाही. दोन, जोडीदाराला आधीचं १८ ते २१ वयाचं मूल असेल. हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आय-१३० वर सावत्र मुलासाठी अर्ज करायचा, तर लग्न मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी झालेलं लागतं. के-१ बरोबरचा के-२ मात्र २१ पेक्षा लहान, अविवाहित मुलाला मिळतो. एकोणीस वर्षांची मुलगी बरोबर आणायची असेल, तर वरचे सगळे पैसे आणि वाट बघणं परवडतं. लहान मुलं असतील तर सीआर-१ मध्ये प्रत्येकाचा वेगळा आय-१३० भरायचा असतो, आईच्या किंवा बापाच्या अर्जात ती आपोआप येत नाहीत.

विवाहितांसाठी के-३ नावाचा एक प्रकार पुस्तकात अजून आहे, पण त्याच्या नादी लागू नका. तो हाती येईपर्यंत आय-१३० च पुढे गेलेला असतो आणि के-३ ची फाइल बंद होते.

भेट होत नाही म्हणून अलीकडे अमेरिकेतल्या युटा काउंटीचं ऑनलाइन लग्न बरंच चालतं. दोघं दोन देशांत बसून कॅमेऱ्यासमोर लग्न लावता येतं आणि प्रमाणपत्रही खरं असतं. पण लग्नाच्या वेळी दोघं एका जागी नसतील, तर इमिग्रेशनचा कायदा ते लग्न नंतर पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय मानत नाही. आधी झालेली भेट चालत नाही, समारंभानंतरचीच लागते. तेव्हा क्रम असा: ऑनलाइन लग्न, मग प्रवास, तिकिटं आणि शिक्के जपून ठेवणं, आणि त्यानंतर आय-१३०.

याच्या उलट घोटाळा के-१ वाल्यांचा. धार्मिक विधीने लग्न लावलेलं, शंभर पाहुण्यांसोबतचे फोटो, फक्त नोंदणी नाही. वकिलातीतला अधिकारी म्हणतो, तुमचं लग्न झालेलंच दिसतंय, मग फियान्से कसले? के-१ नाकारला जातो, आणि प्रमाणपत्र नसल्याने सीआर-१ ही लगेच भरता येत नाही. के-१ चालू असताना विधी करूच नका. साखरपुडा केलात, तर तो फोटोत साखरपुडाच दिसेल इतपत ठेवा.

बाकी अर्ज परत येतात ते क्षुल्लक कारणांनी. सही राहिली, अर्जाची पानं दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांची निघाली (तळाशी आवृत्तीची तारीख छापलेली असते, ती सगळ्या पानांवर एकच हवी), परभाषेतल्या दाखल्याला भाषांतर जोडलं पण भाषांतरकाराचं सहीचं निवेदन जोडलं नाही. मुलाखतीनंतर २२१(जी) या कलमाखालचा कागद हातात पडला की लोक नकार समजून घाबरतात. तो बहुतेकदा ‘अमुक कागद आणा’ किंवा ‘तपासणी चालू आहे’ एवढंच सांगतो.

उत्पन्नाची अट नीट समजून घ्या. के-१ च्या मुलाखतीला आय-१३४ हे हमीपत्र लागतं आणि दारिद्र्यरेषेच्या १०० टक्के उत्पन्न पुरतं. ग्रीन कार्डाच्या वेळी मात्र आय-८६४ हे वेगळं हमीपत्र, आणि तिथे १२५ टक्के. २०२५ च्या आकड्यांनी दोघांच्या घरासाठी ते २१,१५० आणि साधारण २६,४४० डॉलर. पहिल्या टप्प्यात निभावून नेलेलं जोडपं दुसऱ्यात अडकतं ते इथेच. उत्पन्न कमी पडलं तर नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, किंवा अमेरिकेत राहणारा दुसरा हमीदार चालतो. पण हमीदाराला आधी स्पष्ट सांगा: आय-८६४ ची जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. बोलावणारा नागरिक स्वतः परदेशात राहत असेल, तर अमेरिकेत परत बस्तान बसवणार हेही कागदावर दाखवावं लागतं, नाहीतर सगळं नीट असूनही फाइल थांबते.

‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथेच लग्न कर, अर्ज भर’ हा सल्ला ठामपणे देणारे भेटतील. टुरिस्ट व्हिसावर जाऊन लग्न करून परत येणं यात बेकायदा काही नाही. राहायचं आधीच ठरवून, विमानतळावर ‘फिरायला आलोय’ म्हणणं मात्र खोटी माहिती देणं ठरतं आणि त्याचा डाग आयुष्यभर पुसत नाही. प्रवेशानंतर ९० दिवसांत असं लग्न करून राहिलात, तर हेतूबद्दल संशय घेण्याची सूचना परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेतच आहे.

ग्रीन कार्डवाल्यांचं थोडक्यात: जोडीदारासाठी एफ२ए हा वर्ग, तिथे रांग असते आणि व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणारं मासिक पत्रक, पाहावं लागतं. मधेच नागरिकत्व मिळालं तर रांग संपते. पण एफ२ए मध्ये आईबरोबर आपोआप येणारं मूल त्या क्षणी गळतं, त्याचा वेगळा आय-१३० भरा.

इतर देशांत हीच गोष्ट वेगळ्या मापाने. ब्रिटनचा फियान्से व्हिसा सहा महिन्यांचा, त्यात कामाला मनाई, मग आतून पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी. ११ एप्रिल २०२४ पासून उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंड. कॅनडात फियान्से हा वर्गच नाही. लग्न करा किंवा सलग १२ महिने एका घरात राहिल्याचं दाखवा. लांब राहणाऱ्यांना दुसरं बहुधा जमत नाही. ऑस्ट्रेलियाचा सबक्लास ३००, म्हणजे तिथला फियान्से व्हिसा, या सगळ्यांत समंजस: मुदत ९ ते १५ महिने आणि कामाची मुभा.

सीआर-१ वाल्यांसाठी शेवटचा कागद. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही दोन वर्षांची अट काढून घेण्याचा अर्ज, भरायचा, फी ७५० डॉलर. लवकर पाठवला तर परत येतो, उशीर झाला तर रहिवासच जातो. दोन वर्षांचं कार्ड के-१ वरून आलेल्यांनाही असंच मिळतं. कार्ड टपालाने घरी आलं की त्यावरच्या मुदतीतून ९० दिवस वजा करा, ती तारीख दोघांच्याही फोनमध्ये टाका, आणि संयुक्त बँक खात्याची, भाडेकराराची, विम्याची कागदपत्रं त्या दिवसापासूनच एका फाइलीत ठेवायला लागा.