उरलेली लोकर: कानटोपी की मफलर?

साठलेल्या लोकरीचं काय विणू, असं भाचीने विचारलं. आधी गुंडे वजनकाट्यावर ठेव. मोठ्या माणसाच्या कानटोपीला साधारण 60 ते 80 ग्रॅम पुरते, मफलरला 150 ते 200. विणायला मफलर सोपा, टाके घटवायची भानगड नाही. पण रंग बदलला की दोन टोकं उरतात, सुईने आत ओवावी लागतात आणि मफलरची उलटी बाजू सतत दिसते. टोपीत ती आत झाकली जाते, म्हणून तुकड्यांसाठी मला टोपीच आवडते. फक्त काठ दोन टाके सुलट, दोन उलट असा घाल, म्हणजे ताणून बसते. शुद्ध लोकर नि ऍक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, मात्र एकत्र नको. गरम पाण्यात लोकर आटते, ऍक्रिलिक नाही.

एकाच जाडीची लोकर भरपूर आणि हात नवा असेल, तर मफलर. रंगीबेरंगी उरलंसुरलं असेल, तर कानटोपी.